मुद्दे खाणारे साहेब

आमच्या घरात कुणी बोलताना लांबण लावली, की ऐकणारा हात पुढं करतो, हवेतला एक शेंगदाणा उचलतो आणि तोंडात टाकून सावकाश चावू लागतो. बोलणाऱ्यानं समजून जायचं, हा मुद्दा खाल्ला गेला. पुढचा असेल तर काढा. पुण्याला नोकरी करणारी माझी लेक हे व्हिडिओ कॉलवर करते. आमचे हे जेवताना करतात, म्हणजे हातातला खरा घास बाजूला ठेवून खोटा शेंगदाणा खातात. गेल्या दिवाळीला तर सासूबाईंनीही केलं, आणि त्यांना दात नाहीत. हे सगळं बहुतेक वेळा माझ्यासमोरच घडतं, कारण घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं आहे, आणि माझी गोष्ट नगरहून कोपरगावला निघाली की आधी जामखेडला जाऊन येते.

नव्या माणसाला वाटतं, या कुटुंबाच्या जबड्यात काही दोष असावा. दोष नाही. ती आमच्या साहेबांची शिकवण आहे.

साहेबांचं नाव सांगत नाही. सांगितलं तर कुणीतरी हे लिखाण त्यांना त्यांच्या गावी, कोल्हारला नेऊन देईल, आणि ते वरच्या सगळ्या मजकुरावर काट मारून विचारतील, "मॅडम, गोष्ट इथून सुरू होते ना? मग आधीचं कुणासाठी?"

मी एका दूध संघाच्या नियोजन विभागात होते. नाव नियोजनाचं, काम अहवाल लिहायचं. गाडी कुठून फिरवावी, पशुखाद्य कुठलं घ्यावं, दूध थंड करायचं नवं केंद्र कुठं काढावं, जुनं कुठलं बंद करावं, अशा सगळ्यांवर अहवाल. साहेब विभागाचे प्रमुख. उंच, किडकिडीत माणूस, पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशाला पेन नाही. अहवालाच्या खात्याचा प्रमुख आणि पेन नाही, हे मला पहिल्याच दिवशी खटकलं. खिसा मात्र कायम फुगलेला. त्यात शेंगदाणे असायचे. भाजलेले, सालासकट.

मी मराठीत एम.ए. कॉलेजात निबंधाला बक्षिसं मिळवलेली. त्यामुळं आपल्याला लिहिता येतं, अशी माझी भक्कम समजूत होती. पशुखाद्यावरचा पहिला अहवाल मी 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' इथून सुरू केला. तिथून वेदकाळ, संतवाङ्मय, धवलक्रांती असे मुक्काम करत करत मी पेंडीच्या पोत्यापर्यंत पोचले तेव्हा वही संपत आली होती.

साहेबांनी तो वाचला नाही. हातात धरून वजनाचा अंदाज घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. मग खिशातले मूठभर शेंगदाणे माझ्यासमोर ओतले.

"तोंडानं सांगा. एका मुद्द्याला एक दाणा. मांडा."

मी पहिला दाणा ठेवला. "आपला देश कृषिप्रधान आहे."

"हे चेअरमनना माहीत नाही?"

"आहे की."

"हा दाणा नसला तर तुमची शिफारस बदलते?"

"नाही..."

साहेबांनी दाणा उचलला, दोन बोटांत चोळून साल उडवलं आणि खाल्ला. पुढचा. तोही खाल्ला. वेदकाळ गेला, संत गेले, संघाची गौरवशाली परंपरा गेली. मी मांडत होते, ते चावत होते. शेवटी टेबलावर मोजके दाणे उरले आणि भरपूर सालं. उरलेल्यांतला माझा सगळ्यात शेवटचा दाणा, म्हणजे 'अमुक खाद्य घ्यावं', तो त्यांनी बोटानं सरकवत सगळ्यांच्या पुढं आणून ठेवला.

"शिफारस वर. पाहुण्याला जेवायला बोलावलं आणि आधी चुलीचा इतिहास सांगितला, तर तो उपाशी उठून जाईल. हा झाला तुमचा अहवाल. आता लिहा."

मी बाहेर आले तेव्हा कँटीनवाल्यानं माझं तोंड बघूनच विचारलं, "लई खाल्ले का?"

साहेबांची दुसरी खोड त्यांच्या खोलीत गेल्या गेल्या दिसायची. टेबलासमोर पाहुण्यांसाठी खुर्च्या होत्याच, पण कोपऱ्यात संघाच्या भंगारात गेलेल्या जीपचं मागचं सीट होतं. रेक्झिन फाटलेलं, एक स्प्रिंग बाहेर आलेली. ते त्यांनी स्वतः लिलावाच्या आधी सोडवून घेतलं होतं, असं म्हणायचे. नव्या माणसाला वाटे, साहेब दुपारी त्यावर लवंडत असतील. तसं नव्हतं. ते सीट वाचकाचं होतं.

"आपले अहवाल वाचतं कोण? चेअरमन. आणि चेअरमन वाचतात कुठं?"

"ऑफिसात," मी म्हणाले.

"ऑफिसात ते सह्या करतात. वाचतात गाडीत. सकाळी एक दशक्रिया, दुपारी दोन लग्नं, संध्याकाळी उद्घाटन, आणि मधल्या रस्त्यात तुमचा अहवाल. बसा त्या सीटवर."

मी बसले. हातात माझाच टाइप केलेला अहवाल. साहेब मागं गेले, सीटच्या पाठीला दोन्ही हातांनी धरलं आणि हलवायला लागले.

"वाचा मोठ्यानं. हा आपला साधा डांबरी रस्ता. आता करंजी घाट आला, वळा! आता," असं म्हणून त्यांनी दोन्ही पाय रोवले, "नगर-मनमाड रस्ता!"

त्या रस्त्यावर माझा चष्मा नाकावरून हनुवटीवर आला, आणि मी 'उपरोक्त परिस्थितीच्या अनुषंगाने सर्वंकष विचार करता' या वाक्यात अशी हरवले की कर्ता कुठं होता ते शोधायला परत वर जावं लागलं.

"सापडला?" साहेबांनी धापा टाकत विचारलं.

"नाही."

"चेअरमनलाही सापडणार नाही. ते कागद मांडीखाली घालतील आणि ड्रायव्हरला विचारतील, तुला काय वाटतं रे? म्हणजे निर्णय ड्रायव्हरचा. मग आपण कशाला पगार घ्यायचा?"

तेव्हापासून आमचे अहवाल मोठ्या अक्षरात, छोट्या वाक्यांत आणि एका पानात निघू लागले. बाहेरच्या संस्थांची माणसं यायची, ते पान उलटून मागं काही आहे का बघायची. आम्हाला अभिमान वाटायचा.

काही शब्दांशी त्यांचं हाडवैर होतं. 'समाधानकारक' त्यातला मुख्य. "समाधान कुणाचं? ते तुमच्या घरी विचारा," असं मला भर मीटिंगमध्ये म्हणाले होते. घरी मी खरंच विचारलं. हे म्हणाले, "एकंदरीत समाधानकारक." दुसऱ्या दिवशी मी ते साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बघा, म्हणजे काहीच कळलं नाही ना?"

आता साहेब नेहमीच बरोबर असायचे असं कुणी समजू नये. माणूस हुशार होता, पण हुशारी कुठं थांबवायची ते त्यांना लेकीच्या लग्नात कळलं. पत्रिका त्यांनी स्वतः केली. आपल्याकडं पत्रिका म्हणजे वर कुलदैवत, खाली आजोबा, पणजोबा, चुलते, मामे, आत्या, त्यांचे जावई, आणि तळाशी 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. साहेबांनी सगळ्यात वर ठळक छापलं: 'लग्न साडेबाराला लागेल. जेवण लगेच. गाड्या शाळेच्या मैदानावर लावा.' त्याखाली नवरानवरीची नावं. संपलं. कुलदैवताचं नाव वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या मंडळींनी, रडून घालायला लावलं.

पत्रिका घेऊन ते थोरल्या चुलतभावाकडं गेले. चुलतभावांनी चष्मा लावून ती दोन्ही बाजूंनी बघितली.

"माझं नाव कुठंय?"

"आण्णा, तुमचं नाव नसलं तर तुमचं जेवायला येणं बदलतं का?"

"बदलतं," आण्णा म्हणाले आणि पत्रिका परत दिली.

ते खरंच आले नाहीत. त्यांच्यामागची चार घरं आली नाहीत. मैदानावर गाड्या एकदम शिस्तीत लागल्या होत्या, आणि मांडवात मागच्या ओळी रिकाम्या. मी वाढायला होते म्हणून पाहिलं, साहेब त्या ओळींकडं एकटक बघत उभे होते. सोमवारी ऑफिसात आले, खुर्चीत बसले आणि कुणीही न विचारता म्हणाले, "मॅडम, एक दाणा खायला नको होता. मान हाही मुद्दाच असतो."

एवढं बोलून त्यांनी खिशात हात घातला, आणि काही न काढता बाहेर घेतला.

आता ती पूर्वेच्या केंद्राची गोष्ट. तीच सांगायला बसले होते, पण आमचं जामखेड तुम्हाला माहीतच आहे.

करंजी घाट ओलांडून, पाथर्डीच्याही पुढं, डोंगराला टेकलेल्या एका गावात आमच्या संघाचं छोटंसं दूध केंद्र होतं. त्या भागात पाऊस बेताचा, माणसं कष्टाळू. चेअरमननी साहेबांना आणि मला बोलावलं. चहा आला, आणि चहाबरोबर निर्णयही.

"ते पूर्वेचं बंद करा. दूध येत नाही तिथं. गुरुवारी बोर्ड आहे, त्याच्या आधी तसा अहवाल द्या."

तसा अहवाल म्हणजे कसा, हे सांगायची गरज नव्हती. मी तर आकडे आधीच काढून ठेवले होते. थंडीत गाईंचं दूध वाढतं, सगळ्या जिल्ह्यात कॅन भरून वाहतात, म्हणून आम्ही केंद्रांची तुलना नेहमी थंडीतल्या महिन्यांवरून करायचो. त्या तक्त्यात आमचं पश्चिमेचं केंद्र, प्रवरेच्या काठचं, चेअरमनच्या हक्काच्या भागातलं, सगळ्यांत वर. आदल्या वर्षीच्या छापील अहवालात आम्ही त्याच्यावर 'कार्यक्षम नियोजनामुळे भरीव वाढ' असं चौकटीत छापलं होतं. आणि पूर्वेचं केंद्र सगळ्यांत खाली. दिवाळीनंतर तिथलं दूध असं आटायचं की जणू गाईंनी संप केलाय.

मी साहेबांसमोर दाणे मांडले. यावेळी एकही खाल्ला जाणार नाही याची मला खात्री होती, इतके सगळे दाणे 'बंद करा' म्हणत होते. साहेबांचं बोट सरकत सरकत एका दाण्यावर थांबलं.

"थंडीत सगळ्यांच्या गाई दूध वाढवतात. यांच्याच गाईंना काय झालं?"

"मी लिहिलंय ना. उत्पादकांचा प्रतिसाद समाधान..."

"पुन्हा!"

"...म्हणजे, प्रतिसाद नाही."

"कुणाचा? गाईचा?" साहेब उठले. "चला. विचारून येऊ."

सोमवारी आम्ही त्या गावी पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. गल्लीत सगळ्या घरांना कुलपं. एका ओट्यावर एक म्हातारबुवा फोनवर कीर्तन लावून बसले होते. गावात त्यांना सगळे तात्या म्हणायचे, हे त्यांनीच सांगितलं, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

"तात्या, गाव कुठं गेलं?" साहेबांनी विचारलं.

"कुठं जानार? कारखान्याला. ऊसतोडीला गेली समदी. आमच्यासारखी म्हातारी आन् शाळंची पोरं तेवढी ऱ्हायली."

"आणि गाई?"

तात्यांनी आमच्याकडं असं पाहिलं, की ही शहरातली माणसं असावीत ही शंका आता फिटली. "गाई हितं ठिवून काय करायच्या? चारा कुठं हाय हितं? तिकडं उसाचं वाढं मिळतं. बैलांच्या मागं गाय बांधायची आन् न्यायची. गुडीपाडव्याला माघारी यायची. मंग बगा तुमचं केंद्र. कॅन ठिवायला जागा ऱ्हात न्हाई."

"तुमच्या घरचं कोण गेलंय?"

"ल्योक आन् सून. मंदा. प्रवरंच्या कडंला हाय त्यांची टोळी, कोल्हारच्या अंगाला." मग कीर्तन बंद करून त्यांनी आम्हाला नीट निरखलं. "तुमी दूध संघाचं ना? केंद्र बंद करनार म्हनत्यात, खरं हाय व्हय?"

मी म्हणाले, "त्याबाबत अद्याप विचाराधीन..."

साहेब म्हणाले, "अजून नाही."

परतीच्या वाटेवर घाट मागं पडला. साहेब एकदम म्हणाले, "माझ्या गावाच्या शिवेवर, मॅडम. लहानपणापासून बघतोय मी ऊसतोडीवाल्यांच्या त्या झोपड्या, त्या कोप्या. बैल बघितले, गाड्या बघितल्या. मागं बांधलेली गाय कधी बघितलीच नाही."

मंगळवारी संध्याकाळी आम्ही पश्चिमेच्या केंद्राबाहेर उभे राहिलो. दूध घालायची वेळ. मोटारसायकली येत होत्या, कॅन उतरत होते, सगळं चौकटीत छापल्यासारखं भरीव. एका बागाईतदाराच्या मोटारसायकलीला भलामोठा कॅन होता. साहेबांनी त्याला रामराम केला, गावचेच दोघे.

"एवढं दूध तुझं? गोठ्यात तर दोन गाई आहेत."

"माझं कुठलं? रानात टोळी उतरलीय. त्यांचं बी यातच. त्यांना हितं खातं न्हाई, मग माझ्या नावानं घालतो. पैसे ज्याचे त्याला देतो बरं का, तसलं काही मनात आणू नका."

"ही टोळी गेल्या वर्षीही होती?"

"दर वर्षी."

साहेब माझ्याकडं वळले. मला त्या चौकटीतलं वाक्य आठवलं, आणि ते टाइप करताना मी 'भरीव' शब्दावर किती खूश झाले होते तेही. थंडीत पूर्वेला आटणारं दूध आणि पश्चिमेला वाढणारं दूध, दोन्ही आमच्याच तक्त्यात, आणि गाई त्याच.

त्या बागाईतदाराच्या रानात कोप्या होत्या. मंदा भांडी घासत होती. तिशी-पस्तिशीची बाई, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. कोपीच्या मागं एक जर्सी गाय वाढं खात उभी. सासऱ्यांची खुशाली ऐकून ती हसली; पण आम्ही संघाचे म्हटल्यावर तिनं भांडं खाली ठेवलं.

"मामंजी म्हनले, केंद्र बंद हुनाराय. खरं काय ते सांगा."

मी तिथल्या तिथं सगळं मांडून दाखवणार होते. तुलना, महिने, तक्ता. तोंड उघडलंही होतं.

"तसं न्हाई," मंदानं मला थांबवलं. "मला येवढंच पायजे. केंद्र बंद हुनार आसंल तर ह्या गाईला पाडव्याला घरी न्हेऊन काय करू? तिथं दूध कुनाला घालू? मंग हितंच इकलेली बरी. आनि इकायची तर आत्ताच. पट्टा पडला, म्हंजी तोडी संपली, की समदेच इकाय काढत्यात, मंग कोन इचारतंय? यापारी येऊन गेलाय. शुक्रवारी घोडेगावच्या बाजारला न्हेतो म्हनतोय. टेम्पो ठरलाय."

तिचा नवरा कोपीच्या दाराशी बैलांचं सामान आवरत होता. वर न बघता म्हणाला, "ती रडती रातच्याला. दिवसा अशी बोलती."

"तुमी गप ऱ्हावा," मंदा म्हणाली. मग साहेबांना, "गाय हाय म्हनून पावसाळ्यात घरी बसता येतं आमाला. ती गेली की पावसाळ्यातबी कुनाच्यातरी बांधावर. तर शुक्रवारच्या आत सांगा. न्हाई सांगितलं तर बंद हुतंय आसं समजते मी."

गाडीत बसल्यावर साहेब म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं मी वाचक गाडीच्या मागच्या सीटवर शोधत होतो."

बुधवारी सकाळी आम्ही दाणे मांडले. पटापट ठरलं. शिफारस: केंद्र चालू ठेवावं, ऊसतोडीच्या महिन्यांत त्याच केंद्राच्या खात्यावर, गाई जिथं असतील तिथं, त्यांचं दूध घ्यावं. कारण: दूध आटलेलं नाही, ते स्थलांतर करतं. पुरावा: ते बागाईतदाराचं खातं. बास. मग साहेबांनी एक जास्तीचा दाणा काढला आणि कडेला ठेवला.

"हा कशाचा?" मी विचारलं.

"चेअरमनच्या केंद्राचा. 'तिथं चारा, पाणी आणि संकलनाची वेळ चोख आहे, म्हणून या गाई तिथं टिकल्या.' खरं आहे का नाही?"

"खरं आहे. पण तो नसला तर शिफारस बदलत नाही."

"शिफारस बदलत नाही. वाचणारा बदलतो. आमचे आण्णा अजून बोलत नाहीत माझ्याशी. राहू द्या दाणा."

दुपारी चेअरमनना लोणीला एका लग्नाला जायचं होतं. साहेबांनी त्यांच्या गाडीत दोन जागा मागून घेतल्या. नगर सोडल्यावर त्यांनी कागद पुढं केला. चेअरमननी पहिली ओळ वाचली आणि मान वळवली.

"चालू ठेवावं? मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"बंद करा म्हणून. तसा अहवाल करायला घेतला होता. झाला नाही."

चेअरमन पुढं वाचत गेले. खड्डा आला, कागद हलला, बोट मात्र ओळीवरून सुटलं नाही. मग चेहरा लाल झाला. "म्हणजे आमच्या केंद्राची वाढ खोटी? छापलंय आपण! मी भाषणात सांगितलंय ते!"

"दूध खरं आहे," साहेब म्हणाले. "गाई पाहुण्या आहेत. आणि पाहुणे टिकले ते तुमच्या केंद्रामुळं. तेही लिहिलंय खाली."

चेअरमननी खालचं वाचलं. बराच वेळ वाचलं, ओळ एकच असून. राहुरी मागं गेली तेव्हा त्यांनी कागदाची घडी घालून ती, मांडीखाली नाही, खिशात ठेवली.

"हे गाईंबरोबर केंद्र न्यायचं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे दुसऱ्या कुठल्या संघात नसेल."

"माहितीत तरी नाही."

"मग मीच मांडतो उद्या बोर्डात. माझ्या हे बरेच दिवस डोक्यात होतं."

मी तोंड उघडलं. साहेबांनी माझ्या चपलेवर पाय दिला. लोणीला उतरल्यावर मी चिडून म्हणाले, "साहेब, त्यांच्या डोक्यात? कालपर्यंत बंद करायचं होतं त्यांना!"

"वाचणाऱ्याला आपलं म्हणणं स्वतःचं वाटलं, की समजायचं अहवाल उत्तम झाला. आता त्याच्यावर आपली सही शोधू नका. चला, मसालेभात खाऊ."

गुरुवारी बोर्डानं ते चर्चेविना मंजूर केलं. चेअरमन छान बोलले. 'सर्वंकष' हा शब्द एकदाही आला नाही, हे मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकलं. मीटिंग सुटली तेव्हा चार वाजले होते. मी म्हणाले, "ठराव टाइप करते, सह्या घेते, उद्या पत्र काढू." साहेब जिना उतरायला लागले होते.

"उद्या शुक्रवार आहे, मॅडम."

आम्ही कोप्यांवर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. टोळी नुकतीच फडातून आली होती. मंदा डोक्यावरून वाढ्याची मोळी उतरवत होती, आणि गाईच्या गळ्यात नवा, पिवळा कासरा होता. विकायला काढलेल्या जनावराला नवा कासरा बांधतात, हे मला साहेबांनी वाटेत सांगितलं नव्हतं, पण कळलं.

साहेब मला म्हणाले, "तुम्ही सांगा."

आता हे मी लिहिण्याच्या भरात सांगत नाही, पण त्या क्षणी बोर्ड, चेअरमन, ठराव, तक्ता, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी मंदाकडं पाहिलं. ती मोळीचा दोर हातात धरून उभी होती.

"गाय घरी ने, मंदा," मी म्हणाले. "केंद्र चालू राहणार. आणि पुढच्या वर्षीपासून इथंही तुझ्याच नावावर दूध घेतील. आज बोर्डाच्या बैठकीत..."

"अवो," मंदानं नवऱ्याला हाक मारली, "टेम्पोवाल्याला फोन लावा. येऊ नको म्हनावं."

नवरा फोन शोधायला कोपीत वाकला. तो बाहेर यायच्या आत तिनं मोळी सोडली होती, आणि हिरवीगार वाढ्याची पहिली पेंढी गाईपुढं टाकली होती. बोर्डाच्या बैठकीत काय झालं ते मी तिला सांगितलंच नाही.